गोदाक्काचं सांगणं

मी बडबड्या माणूस. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही माझ्या पित्ताची हकीकत ऐकवतो. बायको म्हणते, ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि तरीही ही एक गोष्ट तिला ठाऊक नाही. मुलीला नाही, भावाला नाही, कुणालाच नाही. आता तुमच्यापुढे बसलोय, तर — खोटं कशाला बोलू — तुम्हाला सांगून टाकतो. नाही, थांबा, आधी आमच्या लोकांविषयी थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आम्ही शिंपी. बेंगळूरूचे मराठी शिंपी. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि तिचे तंबू शिवता शिवता इथंच रुजले, असं म्हणतात. घरात मराठी बोलतो, पण पुण्याचा पाहुणा ऐकून गालात हसेल अशी. मध्येच ‘जरा थांब’ऐवजी ‘स्वल्प थांब’ म्हणतो, ‘बरं बरं’ऐवजी ‘सरी सरी’ म्हणतो, आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या बाईला अक्का.

आमच्यात आयुधपूजेच्या दिवशी एक रीत आहे. नवरात्रातल्या नवमीला सगळ्या गावात हत्यारांची, यंत्रांची पूजा होते, बसलासुद्धा केळीचे खांब बांधतात, ते तुम्ही पाहिलं असेल. आम्ही काय करतो, तर प्रत्येक घरातली सगळ्यात जुनी कात्री समाजाच्या देवळात आणतो. कुंकू लावायच्या आधी त्या घरातलं सगळ्यात वडील माणूस पुढे येतं, कात्रीवर हात ठेवतं आणि ती कुणाची, तिनं काय कापलं, ते सांगतं. ह्याला आम्ही ‘सांगणं’ म्हणतो. कात्रीवर हात असताना खोटं बोलायचं नाही. हे कुणी शिकवत नाही, लहानपणापासून रक्तातच असतं. बाजारात गिऱ्हाइकाला ‘उद्या नक्की’ म्हणून आठवडाभर हेलपाटे घालायला लावणारा आमचा माणूससुद्धा त्या दिवशी कात्रीवर हात ठेवला की सरळ बोलतो.

ह्या सगळ्या सांगण्यांत मुलं वाट पाहायची ती गोदाक्काच्या सांगण्याची. गोदाक्का म्हणजे माझ्या वडिलांची आतेबहीण. लहानखुरी, काळीसावळी, नव्वदी गाठली तरी सुईत दोरा स्वतः ओवणारी. तोंडानं फटकळ. मला म्हणायची, “रघ्या, तुझी पॅन्ट कुणी शिवली रे? त्याला सांग, गोणी शिवत जा.” तिचे वडील हणमंतमास्तर. आणि हणमंतमास्तर उडाले होते.

हो, उडाले होते. पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी. तुम्ही त्यांचं नाव ऐकलेलं असणं शक्य नाही, समाजाबाहेर कुणीच ऐकलेलं नव्हतं. कंटोन्मेंटात गोऱ्या साहेबांचे गणवेष आणि पलटणीचे तंबू शिवणारा माणूस. कुणी परदेशी माणूस विमान घेऊन गावात आला होता, ते त्यांनी मैदानावर गर्दीतून पाहिलं आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, ह्यात अर्धं काम शिंप्याचं आहे. मग वर्षभर कळक, सुतळी आणि मलमल. कापड उरेब कापलं, म्हणजे तिरपं, कारण उभ्या-आडव्या धाग्यावर कापलेलं कापड ताणलं की एका बाजूनं झोळ पडतो. चिंचोके भाजून, वाटून त्याची खळ केली आणि कापडाला थरावर थर लावली. वाळल्यावर पंखावर टिचकी मारली की डफासारखा आवाज यायचा, असं गोदाक्का सांगायची. खळ ढवळायला तीच असायची.

मास्तरांची सासुरवाडी देवनहळ्ळीची. तिथं गावाबाहेर एक खडकाळ टेकाड आहे. त्यावरून, ते पंख अंगाला बांधून, त्यांनी धाव घेतली. खाली रागीचं शेत — नाचणीचं. गोदाक्का खाली बांधावर उभी होती. ती म्हणायची, “अप्पा पडायच्या आधी एकदा वर गेले. खाली नाही, वर. चिंचेच्या शेंड्याएवढे.” तिथून शेतावरून तरंगत गेले आणि पलीकडच्या बांधाला आपटले. मांडीचं हाड मोडलं, जन्मभर लंगडले. पुन्हा पंख केले नाहीत. बस्स. दरवर्षी एवढंच सांगायची, त्याच शब्दांत, आणि दरवर्षी ‘खाली नाही, वर’ म्हणताना तिचा हात कात्रीवरून नकळत उचलला जायचा आणि ती तो परत खाली ठेवायची.

किती सुंदर गोष्ट, नाही? एका शिंप्यानं चिंचोक्याच्या खळीवर एवढं केलं. त्याच्यावर आणखी काही चढवायची गरज होती का? मला सांगा ना. मला का वाटली गरज?

हे घडलं तेव्हा मी चाळिशीचा. मारतहळ्ळीच्या बाजूला विमानांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. इंजिनियर लोक आखतील ते मी शाईनं गिरवायचो. समाजात मात्र मी म्हणजे ‘विमानवाले’. लग्नात, बारशात लोक ओळख करून द्यायचे, हे विमानं बनवतात. मी कधी म्हटलं नाही की अहो, मी रेघा मारतो. हेही एक खोटंच, पण लहान.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी हणमंतमास्तरांची गोष्ट आमच्या विभागातल्या इंजिनियर मंडळींना सांगितली. मोठ्या हौसेनं सांगितली हो! त्यातला एक तरुण, चांगला मुलगा, हसत हसत म्हणाला, “म्हणजे पतंगच की, राव. माणूस बांधलेला पतंग.” सगळे हसले. मीही हसलो. पण त्या मंडळींत ती गोष्ट मी पुन्हा कधी काढली नाही.

मग स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली. आठवतं का, तेव्हा जो तो आपापल्या जातीतला, गावातला विसरलेला थोर माणूस शोधून काढत होता. एका कन्नड वर्तमानपत्राचा वार्ताहर आमच्या घरी आला. समाजाचा चिटणीस म्हणून मी त्याला कॉफी पाजली आणि मास्तरांची गोष्ट सांगितली. त्यानं विचारलं, “इंजिन होतं?” किती साधा प्रश्न. मला त्या मुलाचं हसणं ऐकू आलं. आणि मी म्हणालो, “होतं. एका साहेबाच्या मोडक्या मोटरसायकलचं.”

तोंडातून शब्द गेला. तो लिहून घेत होता. मी म्हणू शकलो असतो, थांबा, चुकलं. नाही म्हणालो. उलट त्यानं विचारलं, परदेशी विमानाच्या आधी की नंतर, तर म्हणालो, आधी. विचारलं, किती लांब, तर म्हणालो, तळ्यावरून पलीकडे. त्या टेकाडाजवळ तळं नाहीच! पण एकदा इंजिन लावलं की बांधाला आपटून कसं चालेल?

छापून आलं. आणि काय सांगू तुम्हाला — समाजात दिवाळी झाली दिवाळी! अध्यक्ष बाळोजीअण्णा, कापडाचे मोठे दुकानदार, सगळ्या दुकानभर कात्रण दाखवत फिरले. चौकाला हणमंतमास्तरांचं नाव द्यायचं, असा अर्ज करायचं ठरलं. आयुधपूजेलाच मोठा कार्यक्रम घ्यायचा ठरला. कुणीतरी म्हणालं, अरे पण अक्का कधी इंजिनाचं बोलली नाही. तेव्हा मीच — मीच म्हणालो, सात वर्षांच्या पोरीला इंजिन काय कळणार? सगळ्यांना पटलं. विमानवाल्याचा शब्द. मी ड्रॉइंग शीटवर मोठा चार्टसुद्धा काढला. पंखांच्या मध्ये इंजिन, पुढे पंखा. इतकं सुबक काढलं की माझं मलाच खरं वाटायला लागलं.

पण त्या महिन्यात मला जेवण गेलं नाही. फोन वाजला की दचकायचो. तेव्हा घरात फोन नवाच होता, मुलगी धावत जायची आणि मी तिच्या मागे. कुणी काय विचारील? इंजिन आलं कुठून, गेलं कुठं, कोण विचारील? आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे ते सांगणं. सांगणं रद्द करता येणार नव्हतं. आयुधपूजेला सांगणं नाही म्हणजे पूजाच नाही. मी यादीत माझं भाषण आधी टाकलं, सांगणं नंतर. वाटलं, भाषणानंतर लोक जेवायच्या घाईत असतील, म्हातारी हळू आवाजात काय बोलली, कोण ऐकतंय?

मी तिला आधी जाऊन भेटू शकलो असतो. यशवंतपूरला नातवाकडे राहायची ती, एक बस. गेलो नाही. तिच्यापुढे उभं राहायची छाती नव्हती, दुसरं काय.

कार्यक्रमाला देऊळ तुडुंब. प्रमुख पाहुणे एक निवृत्त प्राध्यापक, विमानविद्येचे, शांत माणूस, पांढरी दाढी. माझं भाषण झालं. इंजिन झालं, तळं झालं, परदेशी विमानाच्या आधीचं झालं. टाळ्या. मी पाहुण्यांकडे पाहत होतो. ते टाळ्या वाजवत होते, पण कपाळाला आठी होती. मग एकेक घर उठलं, एकेकाचं सांगणं. आणि मग गोदाक्का.

ती दोघांचा हात धरून पुढे आली. तिनं मास्तरांच्या कात्रीवर हात ठेवला. मला वाटलं, नेहमीचं सांगेल, खळ आणि रागी आणि खाली नाही, वर. पण ती पहिल्यांदाच वेगळं बोलली. माझ्याकडे बघून, रागानं नव्हे, जरा गोंधळल्यासारखी. म्हणाली, “इंजिन नव्हतं. रघ्या चुकला. अप्पांच्या विमानाला इंजिन नव्हतं.” माईक तिच्या तोंडाशी होता. मीच बसवला होता.

पाहुणे पुढे वाकले. कन्नडमधून म्हणाले, आजी, स्वल्प नीट सांगा, मला ऐकायचंय.

तुम्ही माझ्या जागी — नको, तुम्हाला कशाला ओढू माझ्या जागी. मी काय केलं ते ऐका. तिचा हात कात्रीवर होता. म्हणजे ती खोटं बोलतेय, असं म्हणायची सोय नव्हती. आमच्यातल्या एकाही माणसानं ते मानलं नसतं. मग राहिलं काय? एकच. ती खोटं बोलत नाही, पण तिला आठवत नाही. मी हसत हसत पुढे झालो, तिच्या खांद्यावर हात ठेवला, माईक माझ्याकडे वळवला आणि म्हणालो, “आमच्या अक्कांचं वय झालंय. हल्ली सकाळी काय जेवल्या तेही दुपारी आठवत नाही. पण माया बघा, अजून वडिलांचं सांगणं सोडत नाहीत.” लोक हसले. मायेनं हसले. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. दोन बायकांनी तिला हाताला धरून खाली नेलं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तोंड जरासं उघडं होतं. तेवढ्यात आरती सुरू झाली.

तुम्ही म्हणाल, हे तुझं पाप. एवढंच असतं तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. एवढं तर घाबरलेला माणूस करतो. पुढचं मी घाबरून केलं, पण विचार करून केलं.

त्या प्राध्यापकांचा फोन आला. भला माणूस. म्हणाले, तुमच्या त्या आजींना एकदा घरी जाऊन भेटायचंय, निवांत. म्हणाले, त्या जे म्हणतात ते जास्त रंजक आहे. ऐकताय ना? जास्त रंजक! आणि मी? मी म्हणालो, नको सर, त्या माणसं ओळखत नाहीत, अनोळखी कुणी आलं की बिथरतात. ते म्हणाले, अरेरे, राहू दे मग. फोन ठेवला आणि तसाच बस धरून यशवंतपूरला गेलो.

आधी जायला पाय उचलत नव्हते ना? ह्या वेळी बरोबर उचलले. अक्का आत झोपली होती. तिची नातसून शोभा, कामसू, साधी मुलगी, तिला मी बाहेरच्या खोलीत बसवून हळू आवाजात सांगितलं. म्हटलं, देवळात पाहिलंस ना? सुरुवात आहे ही. ह्या वयात होतं. आता जपायला हवं, भलतंसलतं बोलेल, कुणी परकं आलं तर भेटू देऊ नकोस. आणि शेगडी — होय, हेही मीच म्हणालो — शेगडीपाशी एकटी सोडू नकोस. शोभाचे डोळे भरून आले. म्हणाली, बरं झालं मामा, तुम्ही सांगितलंत, आम्हाला कळलंच नसतं.

कळण्यासारखं काही नव्हतंच! तिला सगळं आठवत होतं. कुणाच्या लग्नात कुणाची चोळी आखूड झाली, तेसुद्धा.

पण एकदा का घरात असं ठरलं, की मग काय. तिची सुई काढून घेतली, टोचेल म्हणून. सकाळची कॉफी ती स्वतः करायची, ते बंद. बाहेरच्या दाराला कडी. ती रागावली की शोभा माझ्याकडे बघायची, बघा मामा, कशी चिडते हल्ली. ती गप्प बसली की, बघा, कशी हरवल्यासारखी बसते. चष्मा शोधायला लागली तरी शोभा आणि तिचा नवरा, दोघं एकमेकांकडे पाहायची. लोक तिच्याशी मोठ्यानं, सावकाश बोलायला लागले, जसं तान्ह्या मुलाशी बोलतात. ती मला एकदा म्हणाली, “रघ्या, मी बहिरी झाले का रे?” तेव्हा तिच्या जिभेला अजून धार होती.

पुढच्या आयुधपूजेला बाळोजीअण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, अक्काला नको त्रास, ह्या वर्षी मास्तरांच्या कात्रीचं सांगणं तूच कर. मी नाही म्हणालो. एकदा म्हणालो, तोंडदेखलं. मग गेलो पुढे. ती पहिल्या रांगेत खुर्चीवर होती, शोभानं अंगावर शाल नीट घातलेली. मी कात्रीवर हात ठेवला. लोखंड गार होतं. आणि मी सांगितलं — इंजिन, तळं, सगळं. हात जळाला नाही. जीभ अडली नाही. मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मी एकदाच तिच्याकडे पाहिलं. ती डोळे बारीक करून ऐकत होती, शाळेतलं पोर न येणारं गणित ऐकतं तशी. त्या घरचं सांगणं मग माझ्याकडेच आलं. मी ते वर्षानुवर्षं करत आलोय.

आता उरलं ते. मघापासून मी ह्याच्याभोवती फिरतोय, तुमच्या ध्यानात आलंच असेल.

तिच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. दुपारची वेळ. मी यशवंतपूरला गेलो होतो, कशाला ते आठवत नाही, बहुधा बाजारातून कांदे आणायला. शोभा म्हणाली, बसा, अक्काजवळ बसा, मी दळण घेऊन येते. अक्का खिडकीपाशी बसली होती. खूप वाळली होती. मला वाटलं, आता ती मला शिव्या घालणार. खरं सांगतो, मी त्याची वाटच पाहत होतो. तिनं एक सणसणीत शिवी दिली असती तर मी तिच्या पायावर पडलो असतो, असं मला वाटतं. वाटतं आपलं.

तिनं शिवी दिली नाही. माझा हात धरला आणि अगदी हळू, शोभा गेलीय ना हे पाहून, विचारलं, “रघू, तू विमानाच्या कारखान्यात असतोस. तुला कळतं. मला खरं सांग हं. इंजिन होतं का रे?”

रघ्या नाही. रघू. आणि टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. इतकी वर्षं जी बाई कात्रीवर हात ठेवून छातीठोकपणे सांगायची, ती मला विचारत होती. घरात आम्ही दोघंच. चार्ट नाही, पाहुणे नाहीत, अण्णा नाहीत. कुणालाही काही कळणार नव्हतं. एक ‘नव्हतं’ म्हणायचं होतं.

तेवढ्यात माझ्या मनात काय आलं असेल? आता नव्हतं म्हटलं आणि ती शोभाला सांगेल तर? चौकातली पाटी लागायची होती. मी म्हणालो, “होतं, अक्का.”

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग म्हणाली, मग आवाज का आठवत नाही मला? कापडाचा तेवढा आठवतो. मी म्हणालो, “लहान होतीस तू.” ती म्हणाली, सरी. आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं, सुटलो.

मग ती जे बोलली, ते तिनं सांगण्यात कधीही सांगितलं नव्हतं. देवळात नाही, घरात नाही. म्हणाली, “अप्पा पडले ना, तेव्हा मी धावत गेले. हाड बाहेर आलं होतं. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, गोदे, मी वर गेलो का गं? मला कळलं नाही, गोदे, डोळे मिटले होते माझे. तू पाहिलंस का? मी म्हटलं, हो अप्पा, पाहिलं, वर गेलात.” मग म्हणाली, “पण मला तर इंजिनही दिसलं नव्हतं. मग मी काय पाहिलं असणार, रघू? म्हणजे मी अप्पांना खोटंच सांगितलं. आणि ते बिचारे मरेपर्यंत तेच धरून बसले.”

ती रडली नाही. नुसतं माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी म्हणेन म्हणून.

मी म्हणालो, “आता कशाला त्याचा विचार करतेस.” तेवढ्यात शोभा दळण घेऊन आली. तिनं कॉफी केली, मी ती प्यालो. कांद्याची पिशवी उचलली आणि निघालो. अक्का त्यानंतर फार दिवस राहिली नाही. अंत्ययात्रेला मी पुढे होतो. बाळोजीअण्णा म्हणाले, तुझा फार जीव होता तिच्यावर. मी मान हलवली.

इंजिन नव्हतं. तळं नव्हतं. परदेशी विमान आधी आलं होतं, मास्तरांनी ते पाहूनच पंख शिवले. हणमंतमास्तर कळक, मलमल आणि चिंचोक्याच्या खळीवर टेकाडावरून निघाले, आणि पडायच्या आधी वर गेले. तिनं पाहिलं होतं. तिनं वडिलांना खरं सांगितलं होतं. हे तिला सांगणारा एकच माणूस त्या दुपारी तिच्यासमोर बसला होता, आणि तो कॉफी पिऊन घरी गेला.